नखाखालची एक रेघ

त्या मुलीला मी परत पाठवलं तेव्हा सकाळचे साडेदहा झाले असतील. त्यानंतर तीन आठवडे माझं बूड एका जागी टेकलं नाही.

मुलगी गाडीवरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं आणि दीड महिन्यापूर्वी तिला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या होत्या. साक्षगंध, म्हणजे तुमचा साखरपुडा, आठ दिवसांवर आलेलं. वडील हट्टालाच पेटले होते की यंत्रावर तिच्या रक्ताचं वाचन आजच घ्या. मी त्यांना भिंतीवरची सातवी सूचना वाचून दाखवली: ज्याला गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलं आहे, त्याचं वाचन घेऊ नये. ते म्हणाले, कायले? मी म्हणाले, काका, आत्ता हिच्या अंगात जे फिरतंय त्यातलं बरंचसं हिचं नाही, कुणा दुसऱ्याचं आहे. यंत्र त्या दुसऱ्याचं सांगून मोकळं होईल. तुमच्या नातवंडांना त्या माणसाशी काय देणंघेणं?

हे वाक्य मी नोकरीच्या दहा वर्षांत शंभरदा तरी म्हटलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला ऐकू आलं.

बाप-लेक कुरकुरत निघून गेले. मी यंत्राची काच पुसली, मग पुन्हा पुसली, मग खुर्ची सोडून दारात जाऊन उभी राहिले. माझ्या भावाच्या अंगात एकोणीस वर्षं दुसऱ्याचं रक्त फिरत होतं. ते माझं होतं. आणि त्याचं साक्षगंध ठरलं होतं.

मी उत्पला रामटेके, नागभीडच्या रक्तमेळ केंद्रातली तंत्रज्ञ. आमच्या भागात सिकलसेल काय असतो हे कुणाला शिकवावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. ज्या लाल पदार्थावर आपला श्वास चालतो ते हिमोग्लोबिन. ते कसं बनवायचं याची कृती प्रत्येकाजवळ दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पुष्कळ गुणांच्या बाबतीत दोनपैकी एकच प्रत बोलते आणि दुसरी आयुष्यभर गप्प बसते. हिमोग्लोबिनचं तसं नाही. इथं दोन्ही प्रती एकाच वेळी काम करतात, कुणी कुणाला दाबत नाही. शास्त्रात याला सहप्रभावी म्हणतात. आईचा ए आणि बापाचा बी मिळून पोराचा रक्तगट एबी होतो, तोही याच चालीनं.

तर एकीकडून नेहमीची प्रत आली आणि दुसरीकडून सिकलची, तर त्या माणसाच्या रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असतं. असा माणूस ठणठणीत असतो, शेत नांगरतो, शंभर वर्षं जगतो, कारण त्याच्याजवळचं चांगलं हिमोग्लोबिन त्याला पुरतं. दोन्ही प्रती सिकलच्या आल्या की मात्र लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकून बसतात, आणि लेकरू हाडातल्या कळांनी गडाबडा लोळतं. दोन ठणठणीत माणसांच्या पोटी असं लेकरू यायची शक्यता दर खेपेला चारात एक. म्हणून तर आमच्या आज्यापणज्यांना कधी कळलंच नाही की हे येतं कुठून.

यंत्र आलं २०३६ साली. फटीत बोट सरकवायचं, नखातून प्रकाश आत जातो आणि पडद्यावर रेघा उमटतात. नेहमीच्या हिमोग्लोबिनची निळी रेघ, सिकलची लाल. सुई नाही, कागद नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. दोन्ही प्रती बोलत असल्यामुळे कुणाचं काही लपून राहत नाही. नुसती निळी म्हणजे तुम्ही सुटलात. नुसती लाल म्हणजे आजार. निळी आणि लाल म्हणजे तुम्ही दोन रेघांचे, आणि दोन रेघांच्या माणसानं दोन रेघांच्याच माणसाशी लग्न करताना दहादा विचार करावा. कायद्यानं बंदी नाही, सरकार कुणाला अडवत नाही. अडवायला नातेवाईक पुरेसे आहेत.

पाहता पाहता त्याचा एक विधीच झाला. साक्षगंधाला बुद्धवंदना झाली की नवरा-नवरी शेजारी शेजारी बसतात, समोर दोन फटींचं यंत्र, दोघांनी बोटं लावायची आणि अंगठ्या येईपर्यंत ती काढायची नाहीत. लोक पडद्याचे फोटो काढतात, पत्रिकेवर छापतात. यंत्रानं भलं केलं हे मी नाकारणार नाही. गेल्या वर्षी आमच्या अख्ख्या तालुक्यात नुसत्या लाल रेघेची दोनच बाळं जन्मली. माझ्या लहानपणी एका गल्लीत तेवढी असायची. पण दुसऱ्या बाजूला ‘जोडरेघी’ हा शब्द शिवीसारखा फिरू लागला. एका रेघेची पोरं भाव खाऊ लागली. मी स्वतः एका रेघेची, त्यामुळे मला ढिगानं स्थळं आली आणि मी ती तितक्याच ढिगानं परत पाठवली, पण तो विषय वेगळा.

आमचे आईबाबा दोघंही दोन रेघांचे होते, हे कळायला उशीर झाला. थोरली संघमित्रा, आमची मित्रा, नुसत्या लाल रेघेची निघाली. मी मधली, नुसत्या निळीची. धाकटा सुमेध, पुन्हा नुसता लाल. मित्राला वाचवण्यासाठी माझ्या हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, तपासला होता. जुळला नाही. ती गेली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि मी सहाची. पाच वर्षांनी सुमेधसाठी तोच मगज पुन्हा तपासला आणि जुळला. सख्ख्या भावंडांत तो जुळायची शक्यताही चारातच एक. नागपूरला डॉक्टरांनी औषधं देऊन सुमेधचा स्वतःचा मगज संपवला आणि माझ्या कमरेच्या हाडातून काढलेला मगज त्याच्यात घातला. रक्त मगजात तयार होतं. त्या दिवसापासून त्याच्या अंगात माझं रक्त बनायला लागलं. त्याच्या कळा थांबल्या, तो शाळेत गेला, कबड्डी खेळला.

आई येईल त्याला सांगायची, माझ्या उत्पलानं भावाले दुसऱ्यांदा जन्म दिला. मला ते ऐकायला फार आवडायचं, हे कबूल करते. सुमेध मोठा झाल्यावर चेष्टा करायचा की रक्त तपासलं तर मी बाई निघतो, म्हणूनच मला लवकर रडू येतं. मग बाबा गेले, आम्ही गाव सोडून नागभीडला आलो, सुमेध फवारणीचे ड्रोन दुरुस्त करू लागला. त्याच्या लग्नाचं बोलणं निघू लागलं तसं आईनं ते दुसऱ्या जन्माचं बोलणं बंद केलं. मित्राचा फोटो भिंतीवरून कपाटात गेला. सुमेधच्या बायोडाट्यात आईनं लिहून घेतलं: भावंडं, एक बहीण. मी ते वाचलं आणि काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

विशाखा खोब्रागडेचं स्थळ आम्हीच मागितलं होतं. ती ब्रह्मपुरीची, भूजल विभागात विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचं काम करते. दोन रेघांची. तिनं आपल्या बायोडाट्याच्या पहिल्याच ओळीत ते लिहून टाकलं होतं, नावाच्याही आधी. आठ स्थळं त्या ओळीपाशीच परत फिरली होती. सुमेधला तीच ओळ आवडली. तो म्हणाला, ही पोरगी सरळ आहे. त्याची एक रेघ, तिच्या दोन, त्यामुळे कुणाचीच हरकत नव्हती. निळ्या-निळ्याच्या जोडीला निळी-लाल, म्हणजे लेकरं एक तर सुटलेली, नाही तर दोन रेघांची. आजारी एकही नाही.

आणि हे सगळं गणित माझ्या रक्तावर मांडलं होतं. लग्न मात्र माझं नव्हतं.

मगज बदलला की रक्त बदलतं. पण केस, कातडी, आणि ज्यातून मूल होतं ते बीज मगजातून येत नाही. ते जन्माला आलं तेव्हा जसं होतं तसंच राहतं. हे मी प्रशिक्षणात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, त्यात मला चांगले मार्क होते. घरात रोज दोनदा चहा घेताना समोर बसलेल्या भावाला ते लावून पाहायचं मात्र मला दहा वर्षांत सुचलं नाही. किंवा सुचू दिलं नाही.

त्या संध्याकाळी तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, हसत होता, म्हणजे ब्रह्मपुरीशी बोलणं चाललं होतं. मी मागून जाऊन म्हणाले, पांढरे केस दिसून राहिले रे. त्यानं मान पुढे केली. मी चांगले सात-आठ केस मुळासकट उपटले. तो ओरडला, ताई, टकला करतेस का लग्नाआधी. मी हसले आणि केस पदराच्या टोकात बांधले. दुसऱ्या दिवशी ते नागपूरच्या एका प्रयोगशाळेला पाठवले आणि संमतीच्या रकान्यात त्याची सही केली. हे चुकीचं होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

उत्तर यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी केंद्रातल्या सगळ्या खुर्च्यांचे स्क्रू घट्ट केले, दोनदा भाजी करपवली, आणि एका नवरदेवाचं बोट चुकून दोनदा वाचलं. रेल्वे फाटकापर्यंत चालत जायचे आणि उगाच परत यायचे. अहवाल आला तो दोन ओळींचा. नेहमीची प्रत: नाही. सिकलची प्रत: दोन.

म्हणजे सुमेधच्या प्रत्येक लेकराला त्याच्याकडून सिकलचीच प्रत मिळणार, दुसरी द्यायला त्याच्याजवळ नाहीच. आणि विशाखाकडून कोणती मिळेल ते नाणं उडवावं तसं. दोन लेकरं झाली तर त्यातलं एक मित्रासारखं. चारात एक नाही, दोनात एक. आमच्या आईबाबांपेक्षा दुप्पट वाईट, आणि पत्रिकेवर निळ्या रेघेचा फोटो.

मी आधी आईला सांगितलं. ती अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी सगळं समजावलं, हळू, केंद्रात येणाऱ्या म्हाताऱ्यांना समजावते तसं. ती सूप हलवत राहिली.

“तो बरा झाला,” ती म्हणाली. “डॉक्टरनंच सांगितलं.”

आणखी काय सांगितलं होतं, असं मी विचारलं. तिनं आठवून सांगितलं की लग्नाआधी एकदा घेऊन या, असं म्हणाले होते. मग नेलं का नाही? तर तिचं म्हणणं, बोट लावलं न त्यानं मशीनवर, एक रेघ आली न, मग आणखी काय तपासायचं. तिला खरंच तसं वाटत होतं. ती खोटं बोलत नव्हती. एकोणीस वर्षं ती असंच मानत आली होती की चांगलं रक्त आत गेलं आणि सगळं मुळापासून धुऊन निघालं.

मी म्हणाले, धुतलं गेलं ते फक्त त्याच्यापुरतं. तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

“तुझंच तर रक्त हाय त्याच्या अंगात. तुझं रक्त खराब हाय का? आपल्या भावाचं चांगलं होऊन राहिलं तर तुले पाहवत काहून नाही?”

हे मला लागलं. खरं सांगते, फार लागलं. कारण तिच्या बोलण्यात माझीच जखम होती. मी भावाला जन्म दिला ही गोष्ट मी लहानपणापासून मिरवली होती. अकराव्या वर्षी कमरेत सुया खुपसून घेतल्या, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आणि आता मलाच सांगायचं होतं की माझं देणं त्याच्यापाशी संपलं. त्याच्या लेकरांपर्यंत त्यातला एक थेंबही जाणार नव्हता.

“आई, पुन्हा मित्रा होईल,” मी म्हणाले.

ती उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. डाळ तशीच अंगणात राहिली. शेवटी मीच ती पाखडली.

सुमेधला मी त्याच्या शेडमध्ये गाठलं. तो एका ड्रोनचं पातं बदलत होता. मी अहवाल त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो वाचला, पुन्हा वाचला, मग हात डोक्याला गेला आणि त्याला केसांची भानगड कळली. तो चिडला, माझ्यावर कधी चिडला नव्हता इतका. विचारल्याशिवाय काहून केलं, म्हणाला, मी काय तुझ्या केंद्रातला नमुना आहे का. मी ऐकून घेतलं. बोलून बोलून तो थकला आणि तिथल्याच एका खोक्यावर बसला.

मी सांगितलं की यात वाट नाही असं नाही. आता गर्भ राहण्याआधी तपासता येतं, निवडता येतं, महाग आहे, त्रासाचं आहे, दोघांची तयारी लागते. मूल न होऊ द्यायचं, दत्तक घ्यायचं, तेही आहे. पण हे सगळं तिनं ठरवायचं, आणि ठरवायला तिला आधी माहीत पाहिजे. तो म्हणाला, मी सांगतो. मला सांगू दे, ताई, तू मधे पडू नको. मला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन मी दोन ताटं जेवले.

बुधवारी तो ब्रह्मपुरीला गेला. परत आला तेव्हा हातात तिच्या आईनं दिलेले तिळाचे लाडू होते. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो म्हणाला, सांगतो, पुढच्या वेळी. शनिवारी पुन्हा गेला. पुन्हा तसाच आला. मी त्याला अंगणात अडवलं.

“सांगायलाच गेलो होतो,” तो म्हणाला. “ती हसून राहिली होती, ताई. म्हणे, पहिल्यांदाच कुणीतरी ती ओळ वाचून मला नकार दिला नाही. मग मी काय सांगू?”

मग त्यानं आपलं जुळवून आणलेलं गणित मांडलं. एखादं लेकरू आजारी निघालंच तर आता उपचार आहेत, माझ्यासारखं बरं करू. मी विचारलं, बहीण कुठून आणशील? आणि आणलीस तरी जुळेल कशावरून? मित्राला बहीण होती. त्यानं चप्पल घातली आणि बाहेर निघून गेला, आणि त्यानंतर साक्षगंधापर्यंत आम्ही एकमेकांशी मिठामसाल्यापुरतं बोललो.

नात्यातल्या माणसाचं वाचन करायचं नाही असा आमचा नियम आहे, म्हणून साक्षगंधाला यंत्र घेऊन सिंदेवाहीचे नगराळे आले होते. ब्रह्मपुरीच्या विहारातला हॉल, शंभरेक माणूस. मी सकाळपासून चार वेळा पाणी प्यायले आणि चार वेळा हात धुतले. पर्समध्ये अहवालाची घडी होती. सुमेधनं मला एकदाच विचारलं, तू काही करणार तर नाहीस ना. मी म्हणाले, तू सांगितलंस तर नाही. तो म्हणाला, लग्न झालं की सांगतो, नक्की. त्या ‘लग्न झालं की’वर माझं ठरलं.

नवरीच्या खोलीत मैत्रिणींचा गोंधळ होता. फोटोवाल्यानं त्यांना बाहेर बोलावलं आणि विशाखा आरशासमोर एकटी राहिली. मी कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, हे सुमेधच्या केसांचं आहे, रक्ताचं नाही, लहानपणी त्याचा मगज बदलला, त्याच्या अंगातलं रक्त माझं आहे. एवढंच. ती रोज आकडे वाचणारी बाई. तिला दोन ओळी वाचायला वेळ लागला नाही.

“त्यांना माहीत आहे?” तिनं विचारलं.

मी म्हणाले, बारा दिवसांपासून.

“मला सांगणार होते?”

“तसं म्हणाला होता.”

तिनं कागदाची पूर्वीचीच घडी घातली, आपल्या छोट्या पाकिटात ठेवली, आणि मला म्हणाली, ताई, तुम्ही बाहेर जाऊन बसा. आवाज अगदी साधा होता. मला वाटलं होतं ती रडेल, वडिलांना हाक मारेल. मी बाहेर येऊन आईच्या बाजूला बसले. आई माझ्याकडे पाहत नव्हती. तिच्या मांडीवर अंगठीची डबी होती.

वंदना झाली. दोघं शेजारी बसले. नगराळेंनी काचा पुसल्या आणि आधी विशाखाचं बोट घेतलं. निळी, लाल. कुणी कुजबुजलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. मग सुमेधचं. नुसती निळी, अशी स्वच्छ की मागच्या रांगेतूनही दिसावी. नगराळे म्हणाले, मेळ आहे. विशाखाच्या वडिलांनी चष्मा काढून डोळे पुसले. आठ स्थळांचं ओझं त्या माणसाच्या खांद्यावरून उतरताना मी पाहिलं. कुणीतरी अंगठ्या आणा म्हणालं.

“एक मिनिट,” विशाखा म्हणाली. तिनं बोट काढलं नव्हतं. मान वळवून तिनं सुमेधकडे पाहिलं. “तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?”

लोक हसले. तिच्या मावशीनं टोमणा मारला, सुमेधचा एक मित्र मागून म्हणाला, सांग न बे, लाजून काहून राहिला. फोटोवाला पुढे सरकला. सुमेधनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. वाटलं, आता तरी बोल, दोनच वाक्यं आहेत रे. मग त्यानं पडद्यावरच्या आपल्या रेघेकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला.

विशाखा थांबली. हसू विरलं, लोकांना काही कळेना. ती अजून थांबली, एखाद्याला पुन्हा एकदा संधी द्यावी तशी. तिचा मोकळा हात पाकिटाकडे गेला. आणि माझ्या बाजूची खुर्ची सरकली.

आई उभी राहिली होती. डबी तिच्या मांडीवरून खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

“मले तीन लेकरं होती,” आई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण हॉल शांत झाला, कारण तिथल्या सगळ्यांना दोनच माहीत होती.

“थोरलीचं नाव संघमित्रा. नऊ वर्षांची होऊन गेली. शेवटचे चार दिवस तिनं पाणी नाही मागितलं, खाणं नाही मागितलं. आई, मांडी चेप, एवढंच म्हणे. चेपली तरी कळा, सोडली तरी कळा. हा बी तसाच होता. आता यानं दाखवली ते रेघ उत्पलाची हाय. याची नाही. याच्या लेकरांत याचीच उतरन.” मग ती विशाखाच्या आईकडे वळली. “तिचा फोटो मीच कपाटात ठेवला, बाई. पोराचं लगन व्हावं म्हणून. पण एक लेकरू मी मातीत घातलं. तुमच्या पोरीले तसं घालायले लावणं मले होत नाही.”

आणि ती मटकन खाली बसली. मी तिचा हात धरला. तो थंडगार होता, आणि तिनं तो काढून घेतला नाही.

कुणी काही बोलायच्या आत विशाखानं पाकीट उघडलं. घडी सोडवून तिनं तो कागद सुमेधपुढे, यंत्राच्या बाजूला ठेवला. सुमेधनं तो ओळखला.

“हे मी मघाशीच वाचलं होतं,” ती म्हणाली. “वाचूनच बोट लावायला बसले होते. तुम्ही हो म्हणाला असता तर मी उठणार नव्हते.”

तिनं फटीतून बोट काढलं. पडद्यावरच्या तिच्या दोन्ही रेघा गेल्या. ती उठून तिच्या वडिलांकडे गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांना हळूच म्हणाली, बाबा, चला. नगराळे माझ्याकडे पाहत होते, आता काय करायचं म्हणून. सुमेध जागचा हलला नाही. त्याचं बोट अजून फटीत होतं, आणि पडद्यावर माझी रेघ दिसत होती.